आधी शाळा, मग खोली

प्रश्न असा आहे: "आम्ही बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातून जूनमध्ये पिंपरी-चिंचवडला राहायला येतोय. मला चाकणच्या कंपनीत काम लागलंय, हातात बावीस हजार पडतील. मुलगी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत चौथीत आहे, अभ्यासात चांगली आहे. मुलगा यंदा पहिलीत जाईल. मला दोघांना सेमी-इंग्लिशला घालायचंय. बायकोचं म्हणणं पडतंय की शहरात जातोच आहोत तर इंग्लिश मीडियमच बघा. दोघांचे मिळून महिन्याला दोन हजारांच्या वर झेपायचं नाही. मराठीही टिकेल आणि इंग्रजीही येईल अशी परवडणारी शाळा कोणती?"

भाऊ, मी सव्वीस वर्षं एकाच शिक्षणसंस्थेत नोकरी करते आहे. संस्थेच्या शाळा खेड्यातही आहेत आणि शहरातही, त्यामुळे बदल्या होत राहतात. पहिली नऊ वर्षं नगर जिल्ह्यातल्या एका गावच्या हायस्कुलात काढली, पुढची सगळी भोसरी-पिंपरीच्या बाजूला, आणि आता मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत आहे. "पुण्याला चाललोय, दाखला द्या" म्हणणाऱ्या पालकांना मी दाखले लिहून दिलेत, आणि तसेच दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आलेल्या पालकांकडून घेतलेतही. पुढे जे लिहिते आहे ते या दोन टेबलांवर बसून दिसलेलं आहे.

तुम्ही 'कोणती शाळा' असं एकच विचारलंय, पण मुलीचं आणि मुलाचं उत्तर एक असणार नाही. चौथी संपवून येणारं मूल आणि पहिलीत पाय ठेवणारं मूल यांच्या गरजा अगदी वेगळ्या असतात. शिवाय एक गोष्ट तुम्ही विचारलीच नाही, ती म्हणजे खोली कुठे घ्यायची. सुरुवात तिथूनच करते, कारण गावाकडून येणारी दहातली आठ कुटुंबं इथेच फसतात.

होतं असं की पाहुण्यांच्या ओळखीने मोशी, चिखली किंवा चाकणच्या कडेला स्वस्तात खोली मिळते, अकरा महिन्यांचा करार होतो, सामान येतं, आणि मग शाळा शोधायला निघायचं. शोधायला निघाल्यावर कळतं की चालत जाण्यासारख्या अंतरावर आहेत त्या सगळ्या रंगीत फलकांच्या, भरपूर फीच्या शाळा. याला कारण आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नव्या खासगी शाळांना सरकारी अनुदान मिळणं जवळपास थांबलं, आणि २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर तर नवीन शाळा बहुतेक करून स्वतःच्या पैशावर, म्हणजे पालकांच्या फीवर उभ्या राहिल्या. त्यामुळे शिक्षकांचे पगार सरकार देतं अशा अनुदानित शाळा कुठे सापडतात, तर जिथे वस्ती जुनी आहे तिथे. भोसरी गावठाण, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी हा जुना भाग. नव्या वस्तीत इमारती नव्या, शाळाही नव्या आणि फीही नवी.

म्हणून आधी कंपनीत विचारा की बस कुठून कुठून निघते. चाकणच्या बऱ्याच कंपन्यांच्या गाड्या नाशिक रस्त्याने भोसरीवरून जातात. तुमचीही जात असेल तर खोलीचं भाडं हजारभर रुपये जास्त पडलं तरी जुन्या भागात, शाळेपासून पायी अंतरावर राहा. तो हजार वाया जात नाही. आमच्या भागात एका मुलाची व्हॅन महिन्याला हजार-बाराशेच्या खाली येत नाही, आणि तुमची मुलं दोन आहेत.

आता सेमीबद्दल. तुम्हाला ढोबळ अर्थ माहीत असेलच: गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. दहावीला गणित-विज्ञानाचे पेपर इंग्रजीत, इतिहास-भूगोल मराठीत, आणि मराठी प्रथम भाषा. आपल्या राज्यात सर्वसामान्य माणसाला परवडेल अशी खरी द्विभाषिक सोय हीच. पण शाळेच्या नावावरून किंवा फलकावरून काही ठरवू नका. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक मंडळींनी १८८० साली पुण्यात 'न्यू इंग्लिश स्कूल' काढलं, आणि तेव्हापासून महाराष्ट्रात ते नाव इतकं रुळलं की आज तालुक्या-तालुक्यात न्यू इंग्लिश स्कूल आहे आणि त्यातलं बहुतेक मराठी माध्यमाचं आहे. गावाकडे असताना एक पालक मला म्हणाले होते, "बाई, नावात इंग्लिश आहे म्हणून पोराला इथं टाकला, आणि तुम्ही तर त्रिकोणाला त्रिकोणच म्हणता!"

सेमी म्हटलं तरी ते सगळीकडे एकाच वर्गापासून सुरू होत नाही. काही शाळांत पहिलीपासून, काहींत पाचवीपासून, काहींत आठवीपासून. मुलीसाठी हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. ज्या शाळेत सेमी पहिलीपासून आहे तिथे बाकीची मुलं चार वर्षं 'फ्रॅक्शन', 'न्यूमरेटर', 'प्लेस व्हॅल्यू' ऐकत आलेली असतात. तुमच्या मुलीला अपूर्णांक, अंश-छेद, स्थानिक किंमत हे सगळं येत असतं, पण वर्गात ते वेगळ्या नावाने फिरत असतं. ज्या शाळेत सेमी पाचवीपासून सुरू होतं तिथे सगळा वर्ग एकाच रेषेवर उभा असतो. पाचवीला हायस्कुलांचा वर्ग नव्याने भरतो, म्हणून जागाही त्याच वर्षी मिळतात. सहावीत किंवा सातवीत आला असतात तर जागेसाठी वणवण झाली असती. तुमची वेळ बरोबर साधली आहे. तिच्यासाठी पाचवीपासून सेमी असलेली जुनी अनुदानित शाळा शोधा.

इंग्रजी तिला अगदी शून्यापासून शिकायची आहे असंही समजू नका. २००० सालापासून आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. चार वर्षं ती ते पुस्तक वाचते आहे. तिला इंग्रजीत बोलायची सवय नसेल. ती आमच्या शहरातल्या सेमीच्या मुलांनाही नसते, फक्त ती मुलं बिनधास्त असतात.

इथे माझीच एक चूक सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या शाळेत पाचवीच्या पहिल्या आठवड्यात इंग्रजीची एक छोटी चाचणी घेत आणि त्यावरून तुकड्या पाडत. वरची मुलं 'अ' म्हणजे सेमी, खालची 'क' आणि 'ड' म्हणजे मराठी. मी वर्गशिक्षिका होते, मीच पेपर तपासले. पाटोद्याकडून आलेली एक मुलगी होती, तिला वीसपैकी सहा पडले. वडील रोज येऊन उभे राहायचे म्हणून तिला कशीबशी 'अ'मध्ये घेतली. तीन महिने पोरगी वर्गात तोंड उघडेना. मी मनात म्हटलं, चुकलंच, हिला झेपत नाही. दिवाळीआधी वह्या तपासायला घेतल्या तर तिच्या गणिताच्या वहीचं शेवटचं पान उघडलं गेलं. तिथे पेन्सिलने, बारीक अक्षरात, प्रत्येक उदाहरण आधी मराठीत मांडलेलं होतं. 'छेद समान करा. ४ आणि ६ चा लसावि १२.' मग पुढच्या बाजूला तेच उदाहरण इंग्रजीत, शाईने. लसावि म्हणजेच एलसीएम हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. फळ्यावरच्या आकड्यांवरून तिने स्वतः ताडलं होतं. मी तिला मंद समजत होते आणि ती सगळ्या वर्गाच्या दुप्पट काम करत होती.

त्यानंतर मी तुकडी पाडताना चाचणी मराठीत घ्यायला लागले, आणि तीही गणिताची. मराठीत शाब्दिक उदाहरण वाचून ज्याला कळतं त्याला सेमी झेपतं, हे मी पुढे एवढ्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिलं. मराठी वाचन कच्चं असेल तर मात्र सेमी काय, कुठलंच माध्यम तारत नाही. तुमची मुलगी मराठी पुस्तक घडाघडा वाचते का, वाचून झाल्यावर स्वतःच्या शब्दांत सांगते का, हे एकदा घरी बघा. हो असेल तर निर्धास्त राहा.

आता शाळा बघायची कशी? शक्य असेल तर मार्चअखेर किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, वर्ग चालू असताना एक दिवस काढून या. सुट्टीत आलात तर फक्त इमारत दिसेल. ऑफिसात माहितीपत्रक मिळेल ते घ्या, पण खरी माहिती शाळा सुटल्यावर गेटबाहेर मिळते. पाचवी-सहावीच्या सेमीच्या दोन-तीन मुलांना सहज विचारा, आज गणितात काय झालं रे? मूल मराठीत समजावून सांगायला लागलं आणि मधे मधे 'डिनॉमिनेटर' वगैरे शब्द सहज आले, तर त्या वर्गातले सर दोन्ही भाषांत शिकवतात असं समजा. 'एक्झरसाइज फाइव्ह पॉइंट टू झाला' एवढंच उत्तर आलं तर थोडं सावध व्हा.

एखाद्या पालकाने दाखवली तर विज्ञानाची वही बघा. एकही चूक नसलेलं, छापल्यासारखं इंग्रजी आणि प्रत्येक पानावर तेच वाक्य असेल तर ते गाइडमधून फळ्यावर आणि फळ्यावरून वहीत आलेलं आहे. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या इंग्रजीत पाठ असलेली, पण पान अन्न कसं तयार करतं हे विचारलं की गप्प बसणारी मुलं मी ढिगाने पाहिली आहेत. ज्या वहीत स्पेलिंगच्या चुका आहेत, लाल शाईच्या दुरुस्त्या आहेत, मुलाने स्वतः काढलेली वाकडीतिकडी आकृती आहे, त्या वहीमागे शिकवणारं माणूस आहे.

ऑफिसात दोन प्रश्न मात्र नक्की विचारा. पहिला: पाचवीची सेमीची तुकडी अनुदानित आहे का विनाअनुदानित? शाळा अनुदानित असते, पण सेमीची तुकडी विनाअनुदानित म्हणून जोडलेली असते, आणि तिची फी वेगळी, शिक्षकही तुटपुंज्या मानधनावरचे असतात. असे शिक्षक वाईट असतात असं मुळीच नाही, त्यातले काही आमच्यापेक्षा जीव तोडून शिकवतात, पण दिवाळीनंतर त्यांना दुसरीकडे नोकरी मिळाली की वर्ग उघडा पडतो. दुसरा प्रश्न: पाचवीला गणित कोण शिकवतं आणि ते किती वर्षं या शाळेत आहेत? याचं उत्तर क्लार्कला चटकन देता आलं पाहिजे.

पैशाचं गणित असं. अनुदानित शाळेत आठवीपर्यंत शिकवणी शुल्क नसतं, आणि मुलींना तर बारावीपर्यंत नाही. पहिली ते आठवी बालभारतीची पुस्तकं मोफत मिळतात, दुपारचा पोषण आहार मिळतो. तरी पैसे लागतातच. संगणक, परीक्षा, ओळखपत्र, स्नेहसंमेलन असं धरून आमच्या परिसरात वर्षाला अडीच-तीन हजार जातात, गणवेश आणि बूट वेगळे. जूनमध्ये एकदम खर्च येतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये चार-पाच हजार बाजूला काढून ठेवा. त्याच वस्तीतल्या स्वस्तातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेची वर्षाची फी पंचवीस-तीस हजारांच्या आसपास आहे, त्यात पुस्तकांचा संच शाळेतूनच घ्यावा लागतो, आणि संध्याकाळची शिकवणी धरायची. शिकवणी धरायचीच, कारण घरी अभ्यास घेणारं कुणी नसतं.

वहिनींचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्या जे म्हणतात त्यामागे भीती आहे, आणि ती खरी आहे: पोरं शहरातल्या पोरांत मागे पडतील. पण माझा अनुभव असा की इंग्रजी माध्यम तिथे चालतं जिथे घरात एक तरी माणूस मुलाचं पुस्तक वाचून त्यावर दोन गोष्टी बोलू शकतो. किंवा वडिलांची नोकरी परराज्यात बदलीची असते. किंवा मूल बालवाडीपासून त्याच भाषेत आहे. तुमच्या घरात यातलं काही असेल तर माझं सगळं बाजूला ठेवा. नसेल तर पाचवीत मुलीला एकदम इंग्रजी माध्यमात टाकणं म्हणजे इतिहास-भूगोलासारखा विषय, ज्यात ती गोष्टीसारखी रमेल, तोही तिच्याकडून काढून घेणं. सेमीत तिला दिवसातले चार-पाच तास असे मिळतात की जिथे ती हुशार असते, आणि दोन तास असे की जिथे तिला झगडावं लागतं. हे प्रमाण दहा वर्षांच्या मुलाला झेपतं. उलटं प्रमाण मी झेपताना क्वचित पाहिलंय.

अनुदानित शाळेचा एक फायदा पालकांना कुणी सांगत नाही. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. लागली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत अठ्ठेचाळीस हजार. ही परीक्षा सरकारी, महापालिका-जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळेतल्या मुलांनाच देता येते. उत्पन्नाची अट साडेतीन लाखांच्या आतली. तुमचं वर्षाचं उत्पन्न दोन लाख चौसष्ट हजार होतं. मुलीला विनाअनुदानित शाळेत घातलीत तर ही वाट तिथेच बंद झाली.

आता मुलगा. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के जागांबद्दल तुम्ही ऐकलं असेल. खासगी विनाअनुदानित शाळेत प्रवेशस्तरावर, म्हणजे बालवाडी किंवा पहिलीला, पंचवीस टक्के जागा मोफत. म्हणून मुलीचा त्यात प्रश्नच येत नाही. मुलाचं वय बसतं, पण आर्थिक दुर्बल गटातून उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं, आणि तुमचं त्याच्या वर आहे. जातीचा दाखला असेल तर वंचित गटात उत्पन्नाची अट नाही. पण अर्ज शाळा सुरू होण्याच्या बरेच आधी भरायचे असतात, आणि भाड्याने राहणाऱ्याला अर्जाच्या आधीच्या तारखेचा नोंदणीकृत भाडेकरार दाखवावा लागतो. तुम्ही येणार जूनमध्ये, म्हणजे यंदाची गाडी सुटली. फार हळहळू नका. ती मोफत जागा आठवीपर्यंतच असते. नववीला त्याच शाळेची पूर्ण फी भरा नाहीतर मुलाला तिथून काढा, असा प्रसंग येतो. चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन कोऱ्या चेहऱ्याने माझ्यासमोर बसलेले असे पालक दर जूनला दोन-तीन तरी असतात.

मुलासाठी मी सरळ सांगेन: मुलीच्या शाळेचा प्राथमिक विभाग असेल तर तिथे, नसेल तर जवळची महापालिकेची शाळा. दोघं एकाच रस्त्याने गेली की तुमच्या जिवाला घोर लागत नाही, आणि बहीण आहे म्हटल्यावर प्रवेशही सोपा जातो. तिथे पहिलीपासून सेमी असेल तर असू द्या, नसेल तर त्यासाठी दूर जाऊ नका. पहिली-दुसरीत त्याला मराठी नीट वाचता-लिहिता येणं हे मोठं काम आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हणतं. आकड्यांचा गोंधळ मात्र त्याचाही होईल, तो सगळ्यांचा होतो. मराठी चार इंग्रजी आठसारखा दिसतो, आणि 'एकोणतीस'मध्ये वीस कुठेच ऐकू येत नाहीत. त्याला घाई करू नका, एका दिवाळीचा प्रश्न असतो.

नवोदयचा, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी विद्यालयाचा विचार डोक्यात असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. सहावीच्या प्रवेशाच्या निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात, आणि त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण शाळेत काढलेली लागतात. मुलीला पाचवीला शहरात आणलंत की तो कोटा गेला. एक वर्ष तिला आजीजवळ ठेवावं का, असं काही पालक मला विचारतात. जिल्ह्याला ऐंशी जागा असतात. तेवढ्यासाठी मी दहा वर्षांच्या पोरीला आई-बापापासून तोडणार नाही. पण गावातले गुरुजी तिची तयारी आधीपासून करून घेत असतील आणि आजीकडे तिचं मन रमत असेल, तर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

कागदपत्रांवर जरा थांबा, कारण इथली चूक दहावीनंतर डोकं वर काढते. शहरात जागा पक्की झाल्याशिवाय गावच्या शाळेतून दाखला काढू नका. दाखला मागितला की गुरुजी थोडे नाराज होतील. पट एकाने कमी होणं म्हणजे काय ते छोट्या शाळेच्या शिक्षकालाच कळतं. ते अडवू शकत नाहीत, कायद्याने लगेच दाखला द्यावा लागतो, आणि दाखला यायला उशीर झाला या कारणाने नवी शाळाही आठवीपर्यंतच्या मुलाला परत पाठवू शकत नाही. तरी चहा पिऊन, गोडीने घ्या.

दाखला हातात आला की तिथेच, त्याच खोलीत उभं राहून वाचा. मुलीचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, जात. आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. गावाकडच्या आधारवर १ जानेवारी ही जन्मतारीख मी इतक्यांदा पाहिली आहे की तो दिवस सगळ्यांचा वाढदिवस वाटतो. काही चूक असेल तर गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरवरूनच दुरुस्त करून घ्या, कारण मूळ नोंद तिथे आहे. आम्ही इथे दाखल्यावर जे आहे तेच उतरवून घेतो, आणि दहावीचं प्रमाणपत्र त्यावरूनच निघतं. दाखल्यावर मुलीचा स्टुडंट आयडी किंवा पेन नंबर, म्हणजे सरकारी ऑनलाइन नोंदीतला तिचा कायमचा क्रमांक, लिहून घ्या. नवी शाळा ऑनलाइन विनंती पाठवते, गावची शाळा ती मंजूर करते. मंजुरी राहिली तर मूल वर्गात बसतं पण कागदावर गावातच राहतं. म्हणून गुरुजींचा मोबाइल नंबर घेतल्याशिवाय गाव सोडू नका. मुलाच्या बाबतीत जन्मदाखला आणि आधार पुरतं. अंगणवाडीचा कागद असेल तर तोही ठेवा.

आणखी एक सावधगिरी. शहराच्या कडेला दरवर्षी काही शाळा मान्यतेशिवाय चालू होतात. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादी उन्हाळ्यात जाहीर करतो, ती बघा. शाळेचा युडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, विचारा. 'सीबीएसई पॅटर्न' हे शब्द माहितीपत्रकावर दिसले तर समजून जा की सीबीएसईची मान्यता बहुधा नाही. मान्यता असलेली शाळा पॅटर्न म्हणत नाही, संलग्नता क्रमांक छापते.

एप्रिल-मेमध्ये मुलीला कुठल्याही क्लासला घालू नका. बालभारतीच्या संकेतस्थळावर इंग्रजी माध्यमाचं चौथीचं गणिताचं पुस्तक फुकट उतरवता येतं. तिच्याकडे मराठी पुस्तक आहेच. दोन्ही पुस्तकं एकाच अभ्यासक्रमाची, बहुतेक पानं जशीच्या तशी, चित्रंही तीच. मोबाइलवर इंग्रजी पान आणि हातात मराठी पान, रोज वीस मिनिटं, आणि एका वहीत शब्दांच्या जोड्या लिहायच्या. बेरीज-ॲडिशन, गुणाकार-मल्टिप्लिकेशन, परिमिती-पेरिमीटर, वर्तुळ-सर्कल. साठ-सत्तर शब्दांत पाचवीचं बरंचसं गणित बसतं. वहिनींना सोबत बसवा. त्यांना इंग्रजी येत नसेल तरी चालेल, मुलगी त्यांना शिकवेल, आणि शिकवताना तिचं पक्कं होईल. शाळा सुरू झाल्यावर दिवाळीपर्यंत गुण कमी आले तर तुकडी बदलायला धावू नका. वर्गशिक्षकांना भेटा आणि विचारा, तिला मराठीत विचारलं तर उत्तर येतं का? येत असेल तर थांबा.

कंपनीची बस नक्की कुठल्या थांब्यावरून निघते ते कळवा. त्या थांब्यापासून चालत पोचता येईल अशा जुन्या अनुदानित शाळा आणि त्यांतल्या कुठल्या शाळेत सेमी पाचवीपासून आहे, एवढं मी विचारून सांगेन. खोलीचा ॲडव्हान्स तोपर्यंत देऊ नका.